हॅलोविन: साउइनचा वारसा की चर्चचा सण? (टोपणनावांनी झालेली ऑनलाइन चर्चा)

दीपमाळ
ऑक्टोबर संपत आला की एक मजकूर फिरू लागतो: ‘हॅलोविन म्हणजे केल्ट लोकांचं सर्वपित्री. चर्चने ते गिळलं आणि वर संतांचं नाव लावलं.’ यातला केल्टिक सण (केल्ट म्हणजे पश्चिम युरोपातले प्राचीन लोक) म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचा आयर्लंडचा साउइन (स्पेलिंग वाचून आपल्याकडे ‘सॅमहेन’ म्हणतात, तो उच्चार चुकीचा). माझं स्पष्ट मत: हा मजकूर तारखांसमोर टिकत नाही.

६०९ च्या सुमारास रोमचं पँथिऑन हे जुनं देवळ मेरी आणि सगळ्या हुतात्म्यांना वाहिलं गेलं, ते १३ मे रोजी. सर्व संतांच्या सणाची १ नोव्हेंबर ही तारीख (हॅलोविन म्हणजे तिची आदली रात्र) ८०० च्या आसपास इंग्लंड-जर्मनीकडे दिसू लागते. अल्क्विन या इंग्रज धर्मपंडिताने तिची शिफारस केली आणि ८३५ मध्ये सम्राट लुई द पायसने ती फ्रँक साम्राज्यात लागू केली. आता त्याच काळातली आयरिश संतसूची उघडा. अंगस या आयरिश साधूच्या पद्यमय सूचीत सर्व संतांचा दिवस आहे २० एप्रिल! साउइन गिळण्यासाठी तारीख ठरवली असती, तर सुरुवात आयर्लंडमधूनच व्हायला हवी होती. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी नेमका हाच मुद्दा मांडला आहे.

मृतांचा दिवस तर आणखी नंतरचा. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने १००० च्या आसपास २ नोव्हेंबरला मृतात्म्यांसाठी प्रार्थना सुरू केली. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी कबरींवर फुलं वाहून मेणबत्त्या लावतात, त्याचं मूळ क्लूनीत आहे, ड्रुइडांकडे (केल्टांच्या पुरोहितांकडे) नाही.

कातळशिल्प
तारखेचं मान्य. रात्रीचं अजिबात मान्य नाही.

नेराची जुनी आयरिश गोष्ट घ्या. साउइनची रात्र, आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातलं क्रुअखनचं राजघर. आदल्या दिवशी दोन कैद्यांना फाशी दिलेली. राजा अलिल म्हणतो, जो बाहेर जाऊन लटकलेल्या कैद्याच्या पायाला वेताचा वेढा घालून येईल त्याला बक्षीस. एकटा नेरा टिकतो. वेढा तीनदा सुटतो, तेव्हा प्रेतच सांगतं की नीट खुंटी मारून बसव. मग ते म्हणतं, तहान लागली, पाठीवर घे. पहिल्या घराभोवती आगीचं कडं, कारण तिथे विस्तव रोज नीट राखेखाली सारतात. दुसऱ्याभोवती पाणी, कारण तिथे पाय धुतलेलं किंवा खरकटं पाणी रात्री ठेवत नाहीत. तिसऱ्या घरात तसली पाण्याची भांडी तशीच पडलेली. प्रेत ते पाणी पितं, शेवटचा घोट घरच्यांच्या तोंडावर थुंकतं आणि सगळे मरतात.

ही गोष्ट उतरवून ठेवली ती ख्रिस्ती लेखनिकांनीच. संतांच्या सणाच्या आदल्या रात्रीला असलं काही ते स्वतःहून कशाला जोडतील? रात्र आधीपासूनच वाईट मानली जात होती म्हणून. आणि तिला रोकडं कारणही होतं: उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आणायची, हिवाळ्यात वैरण पुरणार नाही तेवढी कापायची. वर्षाचा सांधा तिथे होता.

दीपमाळ
नेराची गोष्ट मला प्रिय आहे, पण ती माझीच बाजू धरते. त्यात कुणी आपल्या आजोबांना जेवायला बोलावत नाही. सर्वपित्रीला आपण पितरांना आवाहन करतो, पान वाढतो, कावळा शिवायची वाट बघतो. साउइनला टेकड्यांतले ‘शी’ नावाचे अमानवी लोक बाहेर पडतात आणि शहाणा माणूस घराबाहेर जात नाही. दोन्ही उलट वृत्ती. आयर्लंडमध्ये दार नुसतं लोटून, चुलीशी जागा ठेवून मृतांची वाट पाहायचे, ते २ नोव्हेंबरच्या दिवसाशी जोडलेलं, म्हणजे पुन्हा चर्च.

‘साउइन हा मृतांचा देव’ हे तर १८ व्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी याने घातलेलं पिल्लू आहे. असा देव जुन्या आयरिश वाङ्मयात नाही.

खुरपं
कागद बाजूला ठेवून वस्तू बघू. आयर्लंडच्या मेयो परगण्यात टर्लो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातल्या फिनटाउनचा हॅलोविनचा सलगमचा कंदील आहे. १९४३ मध्ये आला तेव्हा इतका झिजला होता की त्याचा प्लास्टरचा साचा काढून ठेवला. खोबणीसारखे डोळे, विचकलेले दात. हा चेहरा भुताला हाकलायलाच आहे. भोपळा नंतर अमेरिकेत आला, कारण तो मोठा, मऊ आणि आतून निम्मा पोकळ.

सलगम म्हणजे भाजीचं छोटं सलगम नव्हे. कोरायला घेतात तो स्वीड: पिवळट गराचा, एक-दीड किलोचा, लाकडासारखा कडक. देठाकडून दोन बोटं जाड चकती कापा, ती टोपी. बूड सपाट करा. गराला सुरीने उभ्याआडव्या चिरा द्या आणि जाड धातूच्या चमच्याने खरवडून काढा. सुरीनेच उचकटायला गेलात तर ती निसटून तळहातात शिरते. भिंत एक ते दीड सेंटिमीटर राहू द्या. जाड ठेवली तर उजेड फक्त डोळ्यांतून येतो. फार पातळ केली तर दोन दिवसांत सुकून तोंड आत ओढलं जातं. टोपीला भोक हवंच, नाहीतर हवा न मिळून मेणबत्ती विझते.

दीपमाळ
कृती उत्तम. निष्कर्ष मात्र घाईचा. भीतीदायक तोंड पोरं शेजाऱ्यांना घाबरवायलाही कोरतात. इंग्लंडात सॉमरसेटच्या हिंटन सेंट जॉर्ज गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी गुरांच्या बीटचे कंदील घेऊन मुलं फिरतात. अमेरिकेत जॉन ग्रीनलीफ व्हिटियर यांची भोपळ्याच्या कंदिलाचा उल्लेख असलेली १९ व्या शतकातली कविता तर थँक्सगिव्हिंगची आहे, हॅलोविनची नाही.

निळी शाई
तुम्ही दोघं मृतांवरच अडून बसलात. घराघरांत त्या रात्री काय चालायचं? लग्नाचं भविष्य! स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची १७८५ ची ‘हॅलोविन’ कविता बघा. डोळे मिटून शेतातून केलचं (कोबीच्या जातीच्या पालेभाजीचं) रोप उपटायचं. दांडा सरळ की वाकडा, त्यावरून जोडीदाराचा बांधा. मुळाला माती किती, तेवढा हुंडा. आतला गाभा गोड की कडू, तसा स्वभाव. चुलीत दोन कवचाची फळं ठेवायची, एक तिच्या नावाचं, एक त्याच्या. शांत जळली तर संसार, एक उडालं तर तुटलं. यात ना संत ना भूत. वर्षाचा सांधा असल्याशिवाय लोक भविष्य बघत नाहीत, म्हणून इथे मी कातळशिल्प यांच्या बाजूने.

कातळशिल्प
+१. बार्मब्रॅकही त्यातलाच. आयरिश ‘बारीन ब्रॅक’ म्हणजे ठिपक्यांचा पाव. आत अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर गरिबी.

खुरपं
कृती हवी असेल तर सोपा प्रकार बिनयीस्टचा: ३७५ ग्रॅम मनुका-बेदाणे २५० मिली कोऱ्या गार चहात रात्रभर भिजवा. सकाळी २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, १२५ ग्रॅम साखर, एक अंडं, चमचाभर मिश्र मसाला (दालचिनी-जायफळाचा, केकमधला) घालून १७० अंशांवर तासभर भाजा. बेदाणे कमी भिजले तर पाव कोरडा पडतो आणि कापताना त्याचा चुरा होतो. जुना पाव यीस्टचा, त्याला फुगायला वेळ द्यावा लागतो. अंगठी लोणीकागदात घट्ट गुंडाळूनच आत घाला, आणि लहान मुलं जेवायला असतील तर आधी सगळ्यांना सांगा.

दीपमाळ
अंगठी मान्य, वर्षाचा सांधाही मान्य. पण २० एप्रिलचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.