गार्डन ईलचं बीळ ढासळत कसं नाही?

वाळूचाकण: मत्स्यालयाचा एक व्हिडिओ बघितला. तळाच्या वाळूतून गार्डन ईल या लांबट माशांच्या बारीक माना वर आलेल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. वाळू एवढी भुसभुशीत, तरी बीळ टिकतं कसं? आणि हे मासे बीळ सोडून बाहेर पडत नाहीत म्हणे. जागाच सोडायची नाही तर खायचं काय आणि जोडी जमणार कशी?

खोलपाणी: डायव्हिंग करतो आणि या माशांवर माझा भारी जीव आहे, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

हा मासा बीळ खणतो तो शेपटीने. शेपटीचं टोक टणक असतं. ते वाळूत रोवायचं आणि अंग वळवळवत मागे मागे आत सरकायचं. अंगातून चिकट स्राव सुटतो, तो आतून गिलाव्यासारखा बसतो आणि कण धरून ठेवतो. म्हणून भिंत ढासळत नाही.

तोंडं एकीकडे, कारण प्रवाह तिकडून येतो. वाहत येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, हेच यांचं अन्न. ठिपकेवाली जात (हेटेरोकोंगर हासी) साधारण 40 सेंमी लांब, पण जाडीला करंगळीएवढीच. जवळून बघाल तर डोळे डोक्याच्या मानाने भलतेच मोठे, तोंड आखूड आणि वर वळलेलं. समोरून येणारा एकेक जीव हेरून टिपतात. प्रवाह वाढला की अन्न जास्त येतं, पण अंगावर ताणही वाढतो. मग थोडं बिळात उतरायचं आणि उरलेलं अंग वाकवायचं. 2022 मध्ये ओकिनावाच्या संशोधकांनी कृत्रिम प्रवाहात ठेवून हेच तपासलं होतं. वस्त्या प्रवाळाच्या कडेच्या वाळूवर सापडतात त्या यामुळेच: तांबडा समुद्र, हिंदी महासागर, पश्चिम पॅसिफिक. कुठेही वाळू दिसली आणि मुक्काम ठोकला, असं नाही.

जोडीचं म्हणाल तर बिळं आधीच शेजारी हवीत. शेपट्या आत ठेवूनच दोघं बाहेरच्या अंगाने एकमेकांना वेटोळे घालतात. अंडी पाण्यात तरंगत जातात. पिल्लं पानासारखी चपटी, आरपार दिसणारी. मोकळं भटकणं काय ते त्याच वयात. मोठं झाल्यावर घर बदलायचं तरी लांब जात नाहीत.

निळीशाई: हे मासे माणूस दिसला की घाबरून बिळात शिरतात म्हणे, मग मत्स्यालयात निवांत कसे?

खोलपाणी: सवयीने. टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात सुमारे 300 आहेत. 2020 मध्ये कोविडमुळे मत्स्यालय बंद होतं, तेव्हा ते माणसं विसरले आणि कर्मचारी दिसला तरी बिळात शिरायला लागले. मग त्या मे महिन्यात लोकांना व्हिडिओ कॉल करून काचेपुढे तोंड दाखवायला सांगितलं!

समुद्रात मात्र असं काही चालत नाही. बुडबुड्यांचा आवाज झाला की जवळचे आधी गडप, मग त्यांच्या मागचे, आणि बघता बघता सगळं पटांगण रिकामं. पुढे पोहत जाऊन उपयोग नसतो. मी कॅमेरा वाळूवर ठेवून लांब निघून जातो.

वाळूचाकण: आणि बिळातच शत्रू घुसला तर?

खोलपाणी: घुसतातच. सापासारखे दिसणारे दुसरे ईल वाळूतूनच पोचतात, त्यांच्यापुढे गिलावा काय कामाचा! ट्रिगरफिश हा शिकारी मासा वरून येतो, त्याच्यापासून मात्र बीळ वाचवतं.

निळीशाई: घरच्या टाकीत ठेवता येतील?

खोलपाणी: माझं मत, नको. वाळूचा जाड थर, सतत प्रवाह, दिवसभर थोडं थोडं बारीक खाद्य आणि सोबत आपल्याच जातीची वस्ती. यातलं एक कमी पडलं तरी हाल त्यांचेच.