पेरू: इंकांच्या अवशेषांपर्यंत पायी, मुक्काम गावकऱ्यांच्या घरी. सल्ला हवा

सह्यवेडी_पुणे
येत्या मे महिन्यात मी, नवरा आणि 14 वर्षांची लेक पेरूला जायचं म्हणतोय. माचू पिचू बघणारच आहोत, पण बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा अशी सहल नकोय. तिघांनाही चालायची सवय आहे, राजगड-तोरणा झालाय. जुन्या वाटेने चालत जायचं, रात्री गावातल्या घरी राहायचं आणि पैसे त्या घराच्याच हातात पडावेत अशी इच्छा आहे. तंबूत राहणं शक्यतो नको. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. कुठली गावं निवडावीत? उंचीचा त्रास कितपत होईल?

दऱ्याखोऱ्यांतून
मे महिना छान निवडलात. पावसाळा संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात. रात्री मात्र कडक थंडी, लोकरीचे कपडे हवेतच.

तुमच्यासाठी माझं मत मिसमिनायला. मोरायची ती गोल गोल उतरत जाणारी शेतं तुम्ही फोटोत पाहिली असतील, त्यांच्या वरच्या अंगाला हे केचुआ (तिथल्या डोंगरांतले मूळ रहिवासी) शेतकऱ्यांचं गाव आहे. पर्यटन गावकरीच चालवतात. गावातून चालत मोरायला उतरायचं, तिथून मारासच्या मिठागरांवरून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात. मिठागरंही बघण्यासारखी आहेत: डोंगरातून खाऱ्या पाण्याचा झरा येतो, तो हजारो लहान लहान वाफ्यांत फिरवलेला, आणि वाफे आजही तिथल्याच कुटुंबांच्या मालकीचे. लेकीला चालायला अजिबात जड जाणार नाही.

नेवार्कचा_नाना
मिसमिनायला +१. पण पहिल्या रात्री तिथे जाऊ नका. कुस्को शहर, जिथे तुमचं विमान उतरेल, 3,400 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि मिसमिनाय त्याहूनही वर. विमानतळावरून सरळ ओयान्तायताम्बोला जा, ते 2,800 मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन-तीन रात्री काढा. किल्ला आणि गावातल्या इंकाकालीन गल्ल्या बघण्यात दिवस सहज जातात, गल्लीकडेचे पाण्याचे पाट अजून वाहते आहेत. मग वर चढा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. राजगड चढणाऱ्यालाही उंची लागू शकते, दमसासाशी तिचा संबंध नाही.

व्हिसा: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकिटं काढण्याआधी दिल्लीच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या.

माघी_पौर्णिमा
अवशेषांपर्यंत खरोखर चालत पोचायचं असेल तर उचुय कोस्को बघा, म्हणजे 'छोटं कुस्को'. रस्ता तिथवर जात नाही, म्हणून गर्दी नसते. वाट चार हजार मीटरच्या वरच्या खिंडीतून जाते, तळी आणि अल्पाकांचे कळप लागतात, शेवटी एका अरुंद घळीतून जुन्या इंका वाटेने उतरत तुम्ही अवशेषांपाशी येता. खाली दगड आणि वर मातीच्या विटा अशा भिंती अजून उभ्या आहेत. हा वाडा विराकोचा इंका या राजाचा मानतात. पुढे खाली लामाय गावापर्यंत उतार आहे, गुडघ्यांसाठी काठ्या घ्या. वाटाड्या आणि खेचरवाला वरच्याच गावातले घ्या.

चोकेकिराव हे इंकांचे दुसरे अवशेषही मोहात पाडतील, पण या वेळी सोडा. आपुरिमाक नदीपर्यंत साधारण 1,500 मीटर उतार आणि तेवढाच चढ पलीकडे, तोच परतीलाही. लेक मोठी झाली की जा. अवशेषांच्या अलीकडे माराम्पाता नावाची वस्ती आहे, तिथली कुटुंबं जेवण आणि राहायची सोय करतात.

दऱ्याखोऱ्यांतून
जेवणाचं राहिलं. घरात शाकाहार सोपा आहे: किन्वाचं सूप, चीज, अंडी, मका आणि बटाटे, बटाट्यांचे तर किती रंग! उकडलेले बटाटे मधोमध ठेवतात, ज्याने त्याने बोटांनी साल काढायची आणि रोकोतो मिरचीच्या वाटणात बुडवून खायचा. फक्त आधी कळवताना मांस, कोंबडी, मासे असं एकेक नाव घेऊन सांगा आणि सुपाचं पाणीही हाडांचं नको हे स्पष्ट करा. चुलीपाशी गिनीपिग पळताना दिसतील. ते पाळलेले असतात, सणासुदीला खायलाच. लेकीला आधी सांगून ठेवा.

नेवार्कचा_नाना
पैशांबद्दल माझा आग्रह आहे. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: यजमान घर कोण ठरवतं, त्या घराला रात्रीचे किती सोल (पेरूचं चलन) मिळतात, आणि वाटाड्या त्याच गावचा का. तितिकाका सरोवरातल्या आमान्तानी बेटावर घरं पाळीपाळीने पाहुणे घेतात, त्यामुळे धक्क्याजवळच्या दोन घरांचंच भलं होत नाही. अशी पाळी असलेलं गाव निवडा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे चला.

सह्यवेडी_पुणे
सर्वांचे मनापासून आभार. ओयान्तायताम्बो, मिसमिनाय, उचुय कोस्को आणि शेवटी माचू पिचू, असं ठरतंय. यजमानांसाठी इथून काय न्यावं? आणि चिंचेरोला विणकाम बघायला थांबावं का?

माघी_पौर्णिमा
चिंचेरोला नक्की थांबा. निवडुंगावरचा किडा तळहातावर चुरडला की गडद लाल रंग येतो, त्यावर लिंबू पिळलं की तिथल्या तिथे केशरी होतो. लेक हे विसरणार नाही. घाई नको, बायका शेजारी बसवून सूत कातायला देतात.

भेट म्हणून मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका, पुढच्या पाहुण्यासमोर मुलं हात पसरायला लागतात. घरच्यांसाठी तांदूळ, साखर, तेल असं काहीतरी उरुबांबाच्या बाजारातून घेऊन जा, रोज लागणारं असतं. विणलेलं कापड घ्यायचं तर जिने विणलं तिच्याकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका, एका शालीत कित्येक आठवडे गेलेले असतात. कोकाची पानं तिथे खुशाल चावा, चहाही घ्या, पण परत येताना सामानात एकही पान किंवा चहाची पिशवी राहू देऊ नका. भारतात आणायला कायद्याने बंदी आहे.