गणपतीचा प्रसाद, वर्गातले टोमणे, घरची प्रार्थना: मुलांची तयारी कशी करायची?

निळी_छत्री: आम्ही ख्रिस्ती. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. सोसायटीच्या गणपतीत आरतीला थांबायचं का, प्रसाद घ्यायचा का, यावर दरवर्षी ऐन वेळी गोंधळ. वर्गात 'तुमचा इंग्रजांचा धर्म' म्हटलं की मुलगी गप्प होते. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना 40 मिनिटं चालते, मुलं पेंगतात. जगापासून लपवून ठेवायचं नाहीये. मग नेमकं करायचं काय?

संडेस्कूलवाला: आधी प्रार्थना 12 मिनिटांवर आणा. गाण्याची दोन कडवी, बायबलची आठ-दहा वचनं, मुलांचा एक प्रश्न, प्रत्येकाचं एकेक वाक्य, झालं. वाचन मुलांनी करायचं. मार्काच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या जीवनकथेपासून) सुरुवात करा: 16 अध्याय, घटना भरभर घडतात, रोज दहा वचनं घेतली तर साधारण दहा आठवडे पुरतो. इंग्रजी माध्यमातली मुलं जुन्या मराठीत अडखळतात. सोप्या भाषेतली आवृत्ती घ्या, उच्चार सुधारत बसू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: 'प्रभू, हिला मोबाइल सोडायची बुद्धी दे.' ही प्रार्थना नाही, डोळे मिटून मारलेला टोमणा आहे, आणि तो मुलांना बरोबर कळतो.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रंही वाचा. 13वं सहाच वचनांचं आहे आणि 'किती वेळ?' असं देवालाच विचारतं. 88वं तर अंधारातच संपतं. फक्त 'प्रभू सगळं नीट करील' एवढंच शिकलेलं मूल, प्रार्थना करूनही आजी गेली की कोलमडतं. देवाला जाब विचारता येतो हे त्याला आधीच ठाऊक हवं.

दादर_लोकल: प्रसादाचं ऑगस्टमध्येच ठरवा, मंडपात नव्हे. मुलीबरोबर पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय 8 आणि 10:23-33 वाचा. पौल म्हणतो, मूर्ती काहीच नाही. समोर वाढलेलं चौकशी न करता खा. पण 'हे अर्पण केलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. प्रसाद म्हणूनच हातावर ठेवतात, त्यामुळे आमच्याकडे नाही. वाक्य तयार ठेवावं: 'काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण मांडवात काही काम असेल तर सांगा.' आणि मग खरंच खुर्च्या उचलायच्या. बायबलमधल्या दानिएलाने बाबेलच्या दरबारात खास्द्यांची (तिथल्या लोकांची) विद्या घेतली, नवं नावही चालवून घेतलं, अडला फक्त राजाच्या ताटावर. तिथेही भांडला नाही. दहा दिवसांची मुदत मागितली.

माहेर_वसई: निर्णयाशी सहमत, पण दोन्ही मुलांना एकच माप नको. तिसरीतल्याला साधा नियम पुरतो. सातवीतलीला कारण हवं, आणि 'मला पटत नाही' म्हणायची मुभाही. तिचा प्रश्न त्याच रात्री सोडवायची घाई नको. 'मलाही माहीत नाही, रविवारी चर्चमध्ये पाळकांना विचारू' म्हणा आणि आठवणीने विचारा. विसरलात तर पुढचा प्रश्न ती तुमच्याकडे आणणार नाही.

इंग्रजांच्या टोमण्याला माहितीच हवी. फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात 1616 मध्ये छापलं गेलं. तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य कुठे होतं? (स्टीफन्स स्वतः जन्माने इंग्रज, हेही तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी तिथेच पकडेल.) ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग तर मराठीच. दोन वाक्यांचं उत्तर घरी चार-पाच वेळा म्हणून घ्या, तुम्ही चिडवणारा व्हा. मात्र तोच मुलगा रोज छळत असेल तर 'विश्वासाची परीक्षा' म्हणून सोसायला लावू नका. तारखा लिहून वर्गशिक्षकांना भेटा.

निळी_छत्री: 40 मिनिटं आजोबांमुळे होतात. त्यांना कसं सांगणार?

संडेस्कूलवाला: सांगू नका, काम द्या. रोज शेवटी दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद त्यांनी द्यायचा. लांब प्रार्थना रविवारी, जेवण झाल्यावर. जेवणाआधी नको, भात निवतो.