टर्कीची शिकार तंबूत बसून? मग शिकार कसली!

ओझार्ककर: मिझुरीत शेजाऱ्याबरोबर वसंतात टर्कीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोठ्या रानपक्ष्याच्या, शिकारीला जायला लागलो तेव्हा शिकलो ते असं: झाडाला पाठ, तोंडावर जाळी, गुडघ्यावर बंदूक, पापणीसुद्धा हलवायची नाही. आता जो तो पॉप-अप ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा घडीचा तंबू, उभारतो. आत खुर्ची, थर्मास, मोबाइल. लांबून नर गॉबल करतो (ओरडतो), आपण बॉक्स कॉलवर, म्हणजे आवाज काढायच्या लाकडी डबीवर, मादीची साद घालतो, तो जवळ न येता अडून बसतो, मग टेकडीला वळसा घालून त्याच्या वाटेवर जाऊन बसायचं. खरी मजा त्यात. तंबूतला माणूस नुसता गळ टाकून बसल्यासारखा.

लेकीचा बाप: नऊ वर्षांच्या पोरीला तासभर पुतळ्यासारखं बसवून दाखवा! टर्कीचं नाक अधू, पण नजर भयंकर, रंगही दिसतात. पोरीनं नाक खाजवलं की नर पसार. ब्लाइंडला आतून काळं अस्तर असतं, आम्ही दोघं काळे हुडी घालतो आणि मागची खिडकी बंद ठेवतो. (उघडी राहिली तर उजेडावर आपली सावली उमटते. हा गाढवपणा करून झालाय.) हरीण नव्या तंबूला बिचकतं, टर्की मात्र मोकळ्या शेतात त्याच्यासमोर खुशाल चरते.

ओझार्ककर: पोरीसाठी मान्य. बापासाठी नाही.

पेनकर: माणसाला टर्की समजून गोळी घातल्याचे प्रकार घडतात. लाल, पांढरा, निळा कपडा टाळतात तो त्यामुळेच, नराचं डोकं त्याच रंगांचं. ब्लाइंडनं हालचाल झाकते, पण छर्ऱ्यांना कापड अडवत नाही, आणि आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळत नाही. मी शेजारच्या झाडाला नारिंगी फडकं बांधतो. आणि ओझार्ककर, आमच्या पेन्सिल्व्हेनियात वसंतात टर्कीच्या मागावर सरकत जाणंच बेकायदा. साद घालून बोलवायचा. तुमची मजा आमच्याकडे दंडाची.

ओझार्ककर: मागावर जाणं वेगळं, पुढे जाऊन बसणं वेगळं.

रानोमाळ: आपल्याकडचे गायपारधी शिकवलेल्या गायीच्या आडून सावजाजवळ जायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गेली, पण आडोसा घेणं म्हणजे लबाडी, असं त्यांना कुणी म्हटलं असतं का? गाय काय, तंबू काय.

ओझार्ककर: गाय चालते हो. तंबू चालत नाही, मुद्दा तोच आहे.

लेकीचा बाप: शनिवारी पाऊस सांगितलाय. तुम्ही झाडाखाली बसा. तंबूत तिसरी खुर्ची मावते, एवढं सांगून ठेवतो.