सागवानी टेबलातील स्पर्श-सेन्सर पावसाळ्यात बिघडतो

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे): टेबलाच्या १८ मिलिमीटर फळीखाली तांब्याची पट्टी चिकटवून दिव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर (हात लागल्यावर धारितेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारी वाढ ओळखणारा) बसवला. मे महिन्यात तो नीट चालला, जुलैपासून मात्र हात न लावताच दिवा लागतो. दोष सर्किटचा आहे का?

उत्तर (वाशी): नाही, लाकडाचा आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थामुळे धारिता किती पट वाढते तो आकडा) सुमारे ८०, तर कोरड्या लाकडाचा अगदी कमी असल्यामुळे, फळीने ओल शोषताच धारिता वाढते आणि ठरवलेली मर्यादा स्पर्शाविनाच ओलांडली जाते. खालून राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) खाच घेऊन पट्टीवरची जाडी ३-४ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे स्पर्शाचा परिणाम ठळक होईल.

उत्तर (बेलापूर): ओल शिरू नये म्हणून खाचेतही पॉलिश करावे, सुतार बहुधा ते टाळतात. सेन्सरच्या प्रोग्राममध्ये मूळ पातळी (स्पर्श नसतानाची धारिता) सतत अद्ययावत ठेवून केवळ अचानक झालेली वाढच स्पर्श मानावी.

प्रश्नकर्ता: खालची बाजू बिनपॉलिशचीच आहे. आभारी आहे.