सीएसएमटीवर दोन गाड्यांमधला दिवस: आईला घेऊन कसा काढावा?

सोलापूरकर
नमस्कार. पुढील महिन्यात मी आईला घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला येत आहे. गाडी सकाळी लवकर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि त्याच रात्री तेथूनच कोकणकन्येने आम्हाला कुडाळला जायचे आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने चढणे तिला जमत नाही. दोन मोठ्या बॅगा बरोबर असतील. फलाट बदलण्यासाठी पूल चढावा लागतो का, सामान कोठे ठेवता येईल, आणि दिवसा डोंबिवलीला मावशीकडे जाऊन यावे का? मावशीचे म्हणणे असे की, रात्री परत न जाता कोकणकन्या ठाण्यालाच पकडावी.

बोरीबंदर
पुलाची काळजी मनातून काढून टाका. हे स्थानक रुळांचा शेवट आहे. सर्व फलाट एका टोकाला मोठ्या मोकळ्या जागेत येऊन मिळतात, त्यामुळे कोणत्याही फलाटावरून दुसऱ्या फलाटावर सपाट चालत जाता येते. १ ते ७ हे लोकलचे फलाट (त्यांपैकी १ आणि २ हार्बर मार्गाचे) आणि ८ ते १८ हे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. सकाळी लोकलच्या बाजूला कचेऱ्यांकडे निघालेल्यांचा लोंढा असतो, तेव्हा आईंना तिकडे नेऊ नका. पी. डिमेलो मार्गाकडूनही लांब पल्ल्याच्या फलाटांकडे येता येते.

सामानासाठी क्लोक रूम आहे. बॅगांना कुलूप असावे लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. विश्रांतीसाठी रिटायरिंग रूम पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर आधी ऑनलाइन आरक्षित करावी, कारण ऐनवेळी ती मिळेलच असे नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला पुढची रात्रही गाडीतच काढायची असेल, तर दुपारी पाठ टेकायला मिळणे हे मुंबई पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणेकर
मावशींचा सल्ला प्रेमाचा आहे, पण आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी तो मानणार नाही. कोकणकन्या ठाण्याला थांबते हे खरे. परंतु तेथे मधले स्थानक असल्याने गाडी थोडाच वेळ उभी राहते, फलाटावर जाण्यासाठी पूल ओलांडावा लागतो आणि दोन बॅगा घेऊन डबा गाठताना धावपळ होते. सीएसएमटीहून गाडी सुटते, त्यामुळे ती बहुधा आधीच फलाटावर लागलेली असते आणि माणसाला निवांत बसवून मग सामान चढवता येते.

तरीही ठाण्याहून चढायचे ठरवलेत, तर आरक्षणातील बोर्डिंग स्थानक किमान एक दिवस आधी बदलून घ्या. ते न बदलता पुढच्या स्थानकावर चढल्यास जागा दुसऱ्याला दिली जाण्याचा धोका असतो, आणि एकदा बदलल्यावर मूळ स्थानकावरून त्या जागेवरचा हक्क राहत नाही. डोंबिवलीचा बेत रविवारी असेल, तर मेगाब्लॉकची (देखभालीसाठी काही तास लोकलची वाहतूक बंद ठेवतात किंवा वळवतात, त्याची) सूचना आदल्या दिवशी नक्की वाचा.

माहीमकर
आईंना सिद्धिविनायकाचे दर्शन घडवायचे असेल, तर आता ते सोपे झाले आहे. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावते. तिचे एक स्थानक सीएसएमटीला आहे आणि सिद्धिविनायकालाही आहे, शिवाय दोन्हीकडे लिफ्ट आहे. लोकलच्या गर्दीत शिरण्याची गरजच राहत नाही. टॅक्सी करणार असाल तर हे ध्यानात ठेवा की शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. परत येताना चालकाला ‘सीएसएमटी’ किंवा जुन्या सवयीने ‘व्हीटी’ असे सांगा. ‘मुंबई सेंट्रल’ म्हटलेत तर तो पश्चिम रेल्वेच्या दुसऱ्याच स्थानकावर नेईल.

इमारत मात्र बाहेरून जरूर पाहा. १८८८ मध्ये पूर्ण झालेली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. महापालिकेच्या मुख्यालयाच्या बाजूला उभे राहिले की घुमट पूर्ण दिसतो, आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह व वाघ आईंना नक्की दाखवा. रस्ता ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग आहे, पण त्याला पायऱ्या असल्याने टॅक्सीनेच त्या बाजूला उतरणे बरे.

सोलापूरकर
सर्वांचे मनापासून आभार. डोंबिवलीचा बेत रद्द केला असून मावशीलाच दुपारी भेटायला बोलावले आहे. सकाळी रिटायरिंग रूम, संध्याकाळी दर्शन आणि रात्री सीएसएमटीवरूनच गाडी, असे ठरले. व्हीलचेअर कोठे मागावी?

बोरीबंदर
उतरल्यावर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात मागा. हमाल केलात तर बिल्ला पाहून दर आधी ठरवा. स्थानकाच्या पुनर्विकासाचे काम चालू असल्यामुळे गाडी कोठून सुटणार आहे, याची खात्री निघण्याच्या दिवशी पुन्हा करून घ्या.