वडील इन्सुलिन टाळतात: स्वभाव, की मनःस्थिती?

प्रश्न
माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. जन्मभर शिस्तीने वागलेले ते, आई गेल्यापासून गोळ्या चुकवतात, तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळतात आणि डॉक्टरांना ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतात. इन्सुलिनचा विषय निघाला की संतापतात. हा हट्ट समजावा का?

प्रतिसाद १
मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. चार दिवसांच्या पथ्याने उपाशीपोटीची साखर कमी दिसू शकते. एचबीए१सी ही रक्तचाचणी मात्र मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते. तरीही त्या आकड्यावरून कृपया त्यांना कोंडीत पकडू नका. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि ते अनेकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून व्यक्त होते. अशा रुग्णांकडून औषधेही अधिक चुकतात. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मागील दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयी विचारते. ती करून घेण्याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोला.

प्रतिसाद २
मी स्वतः दोन वर्षे इन्सुलिन टाळले. सुईची भीती नव्हती; काकांचे इन्सुलिन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचा पाय कापावा लागला होता, त्यामुळे इंजेक्शन म्हणजे शेवट, असे मनात बसले होते. स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची क्षमता वर्षानुवर्षे घटत जाते, यात माझ्या शिस्तीचा पराभव नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले तेव्हा मी तयार झालो. शिस्तप्रिय माणसाला हे ऐकण्याची फार गरज असते.

प्रश्नकर्ता
त्यांच्या गोळ्यांची डबी दर रविवारी आईच भरत असे, हे आत्ता लिहिताना लक्षात आले. या रविवारी ती मी त्यांच्याशेजारी बसून भरेन.